विळा, टोपली, कोंबडा, विहीर, पिवळा

माणसाचं भविष्य सांगता येतं, यावर माझा विश्वास आहे. नोकरीची बहुतेक वर्षं मी तेच काम केलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी तासभर बोलायचं आणि पुढच्या काही वर्षांत तो स्वतःच्या घराचं दार ओळखेल की नाही, ते लिहून द्यायचं. लिहिलेलं कधी खरं व्हायचं, कधी खोटं. रस्त्याकडेला पोपट घेऊन बसणाऱ्याचंही तसंच असतं. फरक एवढाच की त्याचं पाकीट पोपट उचलतो. आमच्याकडे तेही मलाच उचलावं लागे.

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात आमचा स्मृतिविभाग होता. विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल आणि तीन खुर्च्या. एक माझी, एक पेशंटची आणि तिसरी सोबत आलेल्या माणसाची. या तिसऱ्या खुर्चीवर माझा निम्मा धंदा चालायचा. "आज वार कोणता?" असं विचारलं की काही माणसं उत्तर देतात, काही चुकतात आणि काही मान वळवून तिसऱ्या खुर्चीकडे बघतात. चुकणाऱ्याची मला फारशी काळजी वाटत नसे. मान वळवणाऱ्याची वाटे.

सावली गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक बायकोला घेऊन आले होते. "हिला हल्ली काही आठवत नाही," म्हणाले. बाईंनी सगळी उत्तरं बरोबर दिली. सर थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हिला हल्ली काही आठवत नाही." निघताना दारात वळून, अगदी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाले. बाई त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होत्या. पेशंट म्हणून नाव मात्र बाईंचंच लागलं होतं.

'मी विसरतो' म्हणत येणाऱ्यांत सगळेच पुढे बिघडतात असं नाही. काही जण वर्षानुवर्षं तितकंच विसरत राहतात, काहींची झोप सुधारली किंवा थायरॉइडची गोळी लागू पडली की आठवणही सुधारते, आणि काही उतरणीला लागतात. तिघंही पहिल्या दिवशी सारखेच दिसतात. त्यांतला उतरणीचा कोण, ते आधी ओळखायचं. त्यासाठी आम्ही पाच शब्द सांगायचो, मध्ये भलत्याच गप्पा मारायचो आणि मग तेच शब्द परत विचारायचो. विळा, टोपली, कोंबडा, विहीर, पिवळा. दर वर्षी हेच पाच. शब्दांचा दुसरा संच वरून येणार होता. मी निवृत्त झाले तेव्हाही तो येणारच होता.

दुसरी परीक्षा जनावरांची. एका मिनिटात आठवतील तेवढी नावं सांगायची. जेवढी नावं, तेवढे गुण. शहरातली माणसं कुत्रा, मांजर, गाय यांच्यानंतर अडखळायची. जंगलालगतची माणसं मिनिट संपलं तरी थांबत नसत. मात्र त्यांतले बरेच जुने लोक वाघाचं नाव घेत नसत. ज्याचं नाव घ्याल तो ऐकतो, असं ते धरून चालतात. बोलायची वेळ आलीच तर 'तो' म्हणतात. एका आजींना मी मुद्दाम विचारलं, "आणखी एखादं मोठं जनावर राहिलं का?" त्या म्हणाल्या, "राह्यलं तं राहू दे ना, बाई. तुमी काऊन बोलावून राह्यल्या त्याले?"

माझं माहेर मूल गावचं. धम्मदीक्षेनंतर आजोबांनी घरातले देव वैनगंगेत सोडले. त्यांच्याबरोबर भुतंही गेली, अशी आमच्या घरची समजूत. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते माझ्यासारखीने सांगावं, हे मलाच जरा विचित्र वाटतं.

मध्यंतरी आमच्याकडे भविष्य सांगणारं सॉफ्टवेअर आलं. वय, शिक्षण, गुण, मेंदूचा स्कॅन आणि 'विसरल्याची तक्रार आहे किंवा नाही' एवढं भरलं की पडद्यावर रंग येई. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे वाट बघा, तांबडा म्हणजे घरच्यांना बोलवा. उद्घाटनाला नागपूरहून तज्ज्ञ आले, शाल-श्रीफळ झालं, समई पंख्याने दोनदा विझली. प्रमुख पाहुणे भाषणात आमच्या प्रकल्पाचं नाव विसरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांचा रंग कोणी तपासला नाही.

त्याच सुमाराला चिन्नूभाऊ मडावी आले. आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलाला चिकटून असलेल्या गावचे. आयुष्यभर जंगलखात्यात मजुरी केलेली. उंच, वाळलेले, पांढरा स्वच्छ सदरा. तिसऱ्या खुर्चीवर त्यांच्या बायको सोमीबाई आणि मागे भिंतीला टेकून मुलगा रमेश. रमेश चंद्रपुरात नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. त्याने आल्या आल्याच सांगितलं, "मॅडम, बाबाचं पुढं बिघडणार असंल तं आताच सांगा. मी दोघालेही इकडे घेऊन येतो. तिकडे जंगलात कोण पाह्यते?"

सोमीबाईंनी पदर नीट केला. त्यांना इकडे यायचं नव्हतं हे सांगायला मानसशास्त्र लागत नव्हतं.

"काय त्रास आहे, भाऊ?" मी विचारलं.

"मले काई तरास नाई जी. वाटेले हाय."

"कोणत्या वाटेला?"

"बोडीवरून घरी येतो ना मी, त्या वाटेले. जाताना ती जागा एकदा लागते. येताना दोनदा लागते."

"बाबा, मॅडमले डोसक्याचं सांगा," रमेश म्हणाला.

"डोसक्याचंच सांगून राह्यलो ना बे."

बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. तिथे ते मासे धरायला जात. घर आणि बोडी यांच्यामध्ये जंगलातली पायवाट, आणि वाटेवर ती जागा. फार पूर्वी तिथे 'त्याने' एका लाकूडतोड्याला नेलं होतं. तेव्हापासून जो कोणी तिथून जाईल त्याने एक दगड ठेवायचा आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. तिथे देव नाही, शेंदूर नाही. नुसता ढीग. जाताना एक दगड, येताना एक.

"मग दुसऱ्यांदा लागली की काय करता?"

"ठेवतो ना. न ठेवता कसं जाव?" चिन्नूभाऊ माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत म्हणाले.

त्यांनी पाचही शब्द सांगितले, पण शेवटचे दोन बराच वेळ आठवून आठवून. जनावरं मिनिटभर न थांबता सांगितली, अर्थातच एक सोडून. एकदाही मान वळवली नाही. स्वतःची तक्रार स्वतः सांगणारा माणूस बहुधा अजून शाबूत असतो. विसरलेलं कळण्याइतकं त्याच्याकडे शिल्लक असतं. सॉफ्टवेअर पिवळं झालं. मीही पुढच्या वर्षीची तारीख दिली. रमेश म्हणाला, "ठीक आहे, एक वर्ष पाहू." सोमीबाई जाताना माझ्या टेबलाकडे टक लावून बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. माझ्यासाठी आशीर्वाद पुटपुटत असतील, असं वाटलं. आमच्या धंद्यात असे गैरसमज फुकट मिळतात.

वर्षाने तिघं परत आले. तोच सदरा, तितकाच स्वच्छ.

"वाट कशी आहे, भाऊ?"

"कोणती वाट जी?"

"बोडीवरची. येताना ती जागा दोनदा लागायची ना?"

"नाई बा," ते हसले. "वाट आपली बराबर हाय. वाटेले काय होते?"

तक्रार नाही. त्या रकान्यात मी 'नाही' भरलं. पाच शब्द विचारायला तोंड उघडलं, तर पहिला शब्द मी उच्चारताच त्यांनी उरलेले चार घडाघडा म्हणून टाकले. विळा म्हणायचा अवकाश. टोपली, कोंबडा, विहीर, पिवळा. शाळेतली मुलं पाढा म्हणतात त्या सुरात. रमेश खूश झाला. मग जनावरं. हरण, रानडुक्कर, अस्वल, ससा, साळिंदर, आणि त्याच सुरात, त्याच सहजपणे:

"वाघ."

सोमीबाईंनी पदर तोंडात धरला. चिन्नूभाऊ पुढे 'कोल्हा' म्हणाले. त्यांना काही झालंच नव्हतं. उन्हाळ्याची दुपार होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते, आणि त्या खोलीत मला एकाएकी असं वाटलं की आपण चौघं नाही, पाच जण बसलोय.

एकूण गुण भरले. मागच्या वर्षीपेक्षा जास्त. तक्रार मिटलेली. सॉफ्टवेअर हिरवं झालं आणि त्याने 'सुधारणा' असा शब्द छापून दिला. त्या महिन्यात आलेले नागपूरचे तज्ज्ञ कागद हातात धरून म्हणाले, "असे पेशंट पाहिले की बरं वाटतं."

मी घरभेट मागून घेतली. नियमात ती होती. कोणी जात नसे.

आलापल्लीवरून पुढे गेले तेव्हा सागाची पानं गळून गेली होती. सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं असतं. जमिनीवर त्यांचा थर असला की दूर कुठे सरडा पळाला तरी माणूस चालल्यासारखा आवाज येतो. गावात चहा घेताना कोणीतरी विचारलं, "बोडीकडच्या वाटेनं तं नाई जाऊन राह्यल्या?" का, म्हटलं. मग हळूहळू निघालं. त्या वाटेने आता कोणी जात नाही. ती जागा वाढते आहे. ढीग आधी गुडघ्याएवढा होता, आता छातीला लागतो. कोणी ठेवताना दिसत नाही, पण रोज वाढतो. जो लाकूडतोड्या गेला तो अजून चालून राह्यला, असं एक म्हातारा म्हणाला आणि त्याने चहाची बशी पालथी घातली.

"चिन्नूभाऊ जातात ना?"

"त्याले कायचं भेव? तो जंगलखात्याचा."

चिन्नूभाऊंनी मला बोडी दाखवायला आनंदाने नेलं. सोमीबाई घरी नव्हत्या. गवत आणायला गेल्यात, असं शेजारीण म्हणाली. दुपार उतरत होती. जाताना ती जागा लागली. ढीग खरंच माझ्या छातीला लागत होता. "इथी एक दगड ठेवा लागते, बाई," त्यांनी मला समजावून सांगितलं. मी पांढऱ्या रेघेचा एक तांबूस दगड शोधून ठेवला. शोधत बसावं लागलं, कारण आसपास दगड उरलेच नव्हते.

बोडी पाहिली. परत निघालो. ते पुढे, मी मागे. दुतर्फा लागवडीचे साग, एका ओळीत, एका जाडीचे. ते चालता चालता काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं: विळा, टोपली, कोंबडा, विहीर, पिवळा. विळा, टोपली, कोंबडा, विहीर, पिवळा.

ढीग आला. "इथी एक दगड ठेवा लागते, बाई." दोघांनी ठेवला. माझा पांढऱ्या रेघेचा दगड वर तसाच होता. पुढे निघालो. बरंच चाललो. ते मला कोणत्या झाडाची साल कशावर चालते ते सांगत होते, आणि सगळं बरोबर सांगत होते. मग पुन्हा ढीग आला.

"इथी एक दगड ठेवा लागते, बाई," ते म्हणाले. नव्या पाहुणीला सांगावं तसं, तितक्याच अदबीने.

परीक्षा घेताना पेशंटला सुचवायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. तो माझ्या अंगात इतका मुरला होता की मी गप्प राहून दगड ठेवला. पुढे निघालो, आणि मग लक्षात आलं की सुचवायचं म्हटलं तरी मला काय सुचवता येणार होतं? घराकडची वाट मलाही ठाऊक नव्हती. या जंगलात वाट माहीत असलेला एकच माणूस होता आणि मी त्याच्या मागे चालत होते. कुठेतरी वानर खाकरल्यासारखं ओरडलं. चिन्नूभाऊ थांबले, ऐकलं, आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "वाघ हाय."

परतीच्या वाटेवर ढीग तिसऱ्यांदा आला. मी वाकून माझा पांढऱ्या रेघेचा दगड शोधला. तो तिथे नव्हता. घरंगळला असेल. वाट वेगळी असेल. ढीगच वेगळा असेल. मनातल्या मनात मी ते पाच शब्द म्हणून पाहिले, स्वतःला सावरायला, आणि तिसरा शब्द मला आठवेना.

तेवढ्यात झाडांपलीकडून एका बाईची हाक आली. लांबवलेली, कोणाचंही नाव नसलेली.

"विळाऽऽऽ"

चिन्नूभाऊंच्या हातातला दगड खाली पडला. त्यांनी मान वळवली. खोलीत कधी वळवली नव्हती ती मान.

"टोपलीऽऽ" ते ओरडले आणि आवाजाकडे चालू लागले.

"कोंबडाऽऽऽ"

"विहीरऽऽ"

असे आम्ही बाहेर आलो. जंगलाच्या कडेला, वाळलेल्या नाल्याच्या काठावर सोमीबाई उभ्या होत्या. हातात विळा होता, गवत नव्हतं.

चिन्नूभाऊ अंगणात जाऊन खाटेवर बसल्यावर त्या माझ्याशी बोलल्या. "नावानं बोलावलं तं येत नाई, बाई. आपलं नाव हाय हे त्याइले समजत नाई कदी कदी. पण तुमचं ते पाठ झालं. मीच वर्षभर घोकून घेतलं, पोराले दाखवाले. मंग समजलं का हे इथीबी कामाचं हाय."

"आणि तो ढीग?"

"मले ठाऊक हाय ना. आंधी मी जाऊन काढत होती, उचलून उचलून फेकत होती. पण बुढा माह्यापेक्षा जास्त ठेवते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी लिहू नोका, बाई. तिसऱ्या माळ्यावर नेऊन ठेवंल पोरगा. तिथी मी कुठून आवाज देऊ?"

"आणि एखाद्या दिवशी त्याने ऐकलं तर? तो तुमच्या आधी पोचला तर?" कोण ते मीही बोलले नाही. त्या भागात दोन दिवस राहिलं की जीभ आपोआप शहाणी होते.

"रोज तेच मनात येते," त्या म्हणाल्या. "म्हणून तं आंधीच जाऊन उभी राह्यतो."

मी लिहिलं. ते माझं काम होतं. 'झपाट्याने उतरण. एकट्याने जंगलात जाऊ देऊ नये. घरच्यांना बोलवावं.' सॉफ्टवेअरमध्ये असं लिहायला जागा नव्हती, म्हणून वेगळ्या कागदावर, हाताने, सहीशिक्क्यासह. रमेशला बोलावून तो कागद वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतलं आणि खिशातून घडी घातलेला रंगीत छापील कागद काढला.

"मॅडम, मंग हे हिरवं काय हाय?"

"मशीनला वाघाचं कळत नाही, रमेश."

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर ते त्याला कसं ऐकू आलं असेल ते मला कळलं. "नागपूरचे डॉक्टर म्हणे सुधारणा हाय," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुमी बी आता रिटायर होऊन राह्यल्या ना?" त्याने हिरवा कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. माझा टेबलावरच राहिला. मुलगा वाईट नव्हता. ज्याला आपल्या बापाचं भविष्य हवं असतं, तो दोन भविष्यांतलं बरं ते उचलतो. पोपटही तेच करतो.

दोघं गावातच राहिले.

निवृत्तीनंतर आलापल्लीला एका लग्नाला गेले, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. गावात वातावरण मोकळं होतं. चहावाल्याने स्वतःहून सांगितलं की ती जागा शांत झाली. पुजाऱ्याने कोंबडं दिलं, आणि त्यानंतर एक दगड म्हणून वाढला नाही. लोक पुन्हा त्या वाटेने जातात. बायका सरपणाला जातात. जो चालत होता तो गेला एकदाचा.

चिन्नूभाऊ दारात खाटेवर बसले होते. सदरा स्वच्छ होता. बोडीवर जाणं कधीच सुटलं होतं. त्याआधी शेवटी शेवटी सोमीबाईंबरोबर गेले तरी ढिगाशी थांबत नसत, दगड ठेवायचा असतो हेच त्यांच्यातून निघून गेलं होतं. ते कधी निघून गेलं ते मला विचारायची गरज नव्हती. गावाने तो दिवस साजरा केला होता.

त्यांनी मला ओळखलं नाही. आतून चहा घेऊन आलेल्या बाईकडे बघून मला विचारलं, "हे कोणाची बाई हाय जी?" सोमीबाई हसल्या. मग दुपार उतरायला लागली तशा उठून अंगणाच्या कडेला गेल्या, जंगलाकडे तोंड केलं आणि लांब हाक घातली.

"विळाऽऽऽ"

"कोणाले बोलावून राह्यली ते?" चिन्नूभाऊंनी मला हळूच विचारलं.

"तुमालेच, अजी," सोमीबाई वळून न बघता म्हणाल्या. त्या झाडांकडेच बघत होत्या. चिन्नूभाऊही त्याच दिशेला बघू लागले. झाडांमधून काही येतंय का ते मीही बघत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

काहीच आलं नाही. मग चिन्नूभाऊंनी, सवयीने म्हणा, माझ्या उपयोगासाठी म्हणा, उरलेले चारही शब्द क्रमाने सांगितले.

आमच्या परीक्षेत याला पूर्ण गुण आहेत.